मोडीतलं पितळ, दुसऱ्याचं झाड

आमच्या घरी पितळेचा एक हंडा होता. मी सातवीत असताना आईने तो मोडीत दिला. भांडेवाल्याने तो काट्यावर टाकला, वजन केलं आणि बदल्यात स्टीलचे डबे दिले. त्या हंड्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं माझ्या पणजीचं नाव होतं. आजी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिची समजूत काढायला बाबा म्हणाले, "पितळ मरत नाही गं आई. वितळून दुसरं काहीतरी होईल." आजी म्हणाली, "होईल की. पण नाव जाईल त्याचं काय?"

हे संभाषण मला वीस वर्षांनी आठवलं, ते अमेरिकेतल्या एका शेडमध्ये हातात कानस घेऊन उभा असताना. समोर वाईसमध्ये पितळेचा एक ओबडधोबड ओतीव तुकडा पकडलेला होता. त्यातून एका रायफलची बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाचं पितळी आवरण, तयार करायचं होतं.

आधीच सांगतो, मला बंदुकांचं वेड नाही. मी कधी गोळी झाडलेली नाही आणि झाडायची इच्छाही नाही. नोकरीनिमित्त दोन वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी होतो. तिथल्या एका सहकाऱ्याचे सासरे निवृत्त मशिनिस्ट. अठराव्या शतकातल्या पद्धतीच्या चकमकीच्या रायफली ते हाताने बनवायचे, वर्षा-दीड वर्षाला एक. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, फिटर होते, पिंपरीच्या एका कारखान्यात. आजोबा उठले, एक कानस आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मग बघू या, घरात काही शिकलास का ते."

लांब नळीची बंदूक

हे आजोबा जी बंदूक बनवत होते तिला 'लाँगरायफल' म्हणतात. 'केंटकी रायफल' हे नाव जास्त प्रसिद्ध आहे, पण या बंदुका मुख्यतः घडल्या पेनसिल्व्हेनियात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन भाषक कारागीर इथे येऊन वसले. त्यांनी सोबत 'येगर' नावाच्या शिकारी रायफलीचं ज्ञान आणलं. येगर आखूड, जाड नळीची. दस्ता बहुतेक अक्रोडाच्या लाकडाचा. इथल्या जंगलात आल्यावर पुढच्या काही दशकांत तिचं रूप बदलत गेलं. नळी लांब झाली, साडेतीन फुटांच्याही पुढे गेली. नळीचं भोक हळूहळू लहान झालं, कारण शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यायची असे. दस्ता सडपातळ झाला. अक्रोडाच्या जागी मेपल आलं.

रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेली बंदूक. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. साध्या गुळगुळीत नळीच्या मस्केटचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसे. चांगल्या हातातली रायफल दोनशे यार्डांवर नेम साधायची. त्या बदल्यात ती भरायला वेळ लागायचा. गोळीभोवती तेलकट कापडाचा तुकडा गुंडाळून ती नळीत दाबत न्यावी लागे. ते तुकडे ठेवायला दस्त्यात एक कप्पा कोरलेला असतो, तोच 'पॅचबॉक्स'. येगरवर या कप्प्याला सरकतं लाकडी झाकण असे. अमेरिकेत त्याला बिजागरीचं पितळी झाकण आलं आणि त्यावर नक्षी फुलत गेली.

हे सगळं काम हाताने कसं व्हायचं ते बघायचं असेल, तर १९६९ सालचा 'गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग' हा माहितीपट बघा. वॉलेस गसलर नावाचा कारागीर लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करतो आणि शेवटी अख्खी रायफल उभी करतो. मी तो शेडमध्ये जायच्या आदल्या रात्री फोनवर बघितला होता. बघताना वाटलं, यात काय, आपणही करू शकू. सकाळी कानस हातात आल्यावर ते वाटणं गेलं.

लाकूड निवडताना

आजोबांच्या शेडच्या माळ्यावर मेपलच्या जाड फळ्या रचलेल्या होत्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मेण फासलेलं. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं. टोकं आधी सुकून आकसली की फळीला चिरा पडतात. म्हणून टोकं बंद करायची आणि पाण्याला बाजूंनी सावकाश जाऊ द्यायचं. ढोबळ हिशेब असा, की एक इंच जाडीला एक वर्ष. दस्त्याला दोन-अडीच इंच जाड फळी लागते. म्हणजे आज कापलेलं झाड तीन वर्षांनी कामाला येणार.

त्यांनी चार फळ्या काढून अंगणात उन्हात मांडल्या आणि मला म्हणाले, निवड. मी अर्थातच सगळ्यात देखणी उचलली. तिच्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे होते, आणि फळी हलवली की पट्टेही हलल्यासारखे दिसायचे. याला 'कर्ली मेपल' म्हणतात. अशा झाडात लाकडाचे तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वाढतात. कापलेल्या पृष्ठभागावर एका लाटेवरून उजेड परत येतो आणि दुसरीत तो शोषला जातो. व्हायोलिनच्या पाठीवर दिसतात ते पट्टेही असेच. उभ्या झाडात हे ओळखायचं तर सालीचा तुकडा काढून खाली बघायचं. लाटा असतील तर लाकूड धुण्याच्या पन्हाळी फळीसारखं लागतं.

आजोबांनी माझी देखणी फळी बाजूला ठेवली. त्यांनी दुसरीवर खडूने दस्त्याचा आकार काढून दाखवला. दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग चापाच्या मागे असतो, हाताने धरायचा. कारागीर त्याला 'मनगट' म्हणतात. बार उडाला की धक्का नळीच्या मागच्या टोकातून मनगटात आणि तिथून खांद्यात जातो. मनगटाला खाली झुकता बाक असतो. लाकडाच्या रेषा त्या बाकाबरोबर वळत गेल्या पाहिजेत. त्या मधेच बाहेर पडत असतील तर दस्ता आज ना उद्या तिथेच तुटणार. संग्रहालयांतल्या जुन्या रायफली नीट बघा. कितीतरींच्या मनगटाला पितळी पत्रा किंवा कातडं गुंडाळून केलेली दुरुस्ती दिसते.

माझ्या फळीत रेषा नेमक्या मनगटावर बाहेर पडत होत्या. पट्टे बघण्याच्या नादात मी रेषा बघितल्याच नव्हत्या. "पट्टे विकत घेणाऱ्यासाठी असतात," आजोबा म्हणाले, "रेषा वापरणाऱ्यासाठी."

मेपलमध्येही दोन जाती चालतात. ज्याच्या चिकापासून पाक करतात ते साखरी मेपल, घट्ट आणि जड. दुसरं तांबडं मेपल, जरा हलकं आणि मऊ. मेपल मुळात पांढुरकं असतं. त्याचा तो मधासारखा तांबूस रंग आणायला नायट्रिक आम्लात लोखंडाचा कीस विरघळवून ते लाकडावर फासायचे, मग तापलेलं लोखंड जवळून फिरवायचे. लाकूड आधी हिरवट-पिवळं दिसतं आणि बघता बघता तपकिरी होतं. आम्ल मारायला राखेचं पाणी, आणि वरून जवसाचं तेल. पट्टे या रंगामुळे तयार होत नाहीत. लाकडात असतात तेच उठून दिसतात. आणि त्याआधी लाकूड पॉलिश पेपरने घासायचं नाही, पोलादी पात्याने खरवडायचं. शेवटचा हात सिलिकाने खरखरीत झालेल्या एका पाणवनस्पतीच्या वाळक्या काड्यांचा. अठराव्या शतकातल्या कारागिराकडे होतं ते हेच.

पितळ घासताना

बटप्लेट मात्र माझ्या वाट्याला आली. वाळूच्या साच्यातून निघालेल्या पितळेवर खरखरीत काळपट कातडी असते आणि ओतताना राहिलेलं एक शेपूट. शेपूट करवतीने कापायचं, मग बास्टर्ड कानस, मग सेकंड कट, मग स्मूथ. पितळेला धारदार, नवी कानस लागते. जुनी नुसती घसरते. म्हणून नवी कानस आधी पितळेवर वापरायची आणि थोडी झिजली की लोखंडाला द्यायची. कानशीच्या दातांत कीस अडकून ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर खडू घासायचा.

दुसऱ्या शनिवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि ओरडले, "परत आणताना उचल! कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती बोथट होते." आजोबांना मराठी कळलं नाही, पण हाताची खूण कळली. ते हसले. मग बाबांनी फोन वाईसजवळ धरायला लावून अर्धा तास त्या शेडमधल्या कानशी बघितल्या. आयटीआयमध्ये त्यांनी पहिले काही महिने फक्त कानसच चालवली होती.

कानशीनंतर प्युमिस दगडाची पूड तेलात कालवून, मग त्याहून मऊ दगडाची पूड, आणि शेवटी गुळगुळीत पोलादी सळईने दाबून घासणं. आमच्याकडे चिंच आणि राख असायची, काम तेच. पॅचबॉक्सचं झाकण ओतीव नसतं, पत्र्याचं असतं. पत्रा ठोकला की तो ताठ होत जातो आणि फार ठोकला की चिरतो. मग तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा. पोलादाची पाती अशाने कडक होतात, पितळ मऊ होतं. पुण्याच्या तांबट आळीत हेच ज्ञान पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे जे एकसारखे ठसे असतात ते मठारकाम नुसतं शोभेचं नाही, त्याने पत्रा घट्ट होतो.

सगळ्यात अवघड होतं ते पितळ लाकडात बसवणं. बटप्लेटच्या आतल्या बाजूला दिव्याची काजळी लावायची, ती लाकडावर टेकवून हलकेच ठोकायची आणि काढायची. जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड उंच आहे. तिथलं पापुद्र्याएवढं लाकूड पटाशीने काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठोकणं. मी हे साठ-सत्तर वेळा केलं असेल. शेवटी सगळीकडे सारखी काजळी उमटली. त्यानंतर पितळ आणि लाकूड एकत्र कानसतात, एकाच हाताने, म्हणजे बोट फिरवलं तर एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते लागू नये. चांगल्या कामाची ही खूण: सांधा दिसत नाही.

पितळ कुठून आलं, झाड कुणाचं

मी इतिहासाचा हौशी वाचक आहे, त्यामुळे बोटाला जो सांधा लागत नव्हता तो डोक्यात टोचायला लागला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भारतात उदयपूरजवळच्या जावरच्या खाणींत जस्ताची वाफ धरून ते गोळा करण्याची विद्या शतकानुशतकं जुनी आहे. इंग्लंडमध्ये मात्र जस्त गाळण्याचं पेटंट १७३८चं. इंग्रजांना वसाहतींनी कच्चा माल द्यावा आणि तयार माल विकत घ्यावा असं वाटे. १७५०च्या लोखंड कायद्याने वसाहतींत नव्या पोलादभट्ट्या काढायला बंदी केली. पितळी पत्रा समुद्रापलीकडून यायचा, आणि ओतकामाला मोठा आधार होता मोडीचा: फुटकी भांडी, तुटलेल्या कड्या, जुन्या समया. पेनसिल्व्हेनियातल्या बंदुकीवरचं पितळ त्याआधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असण्याची शक्यता भरपूर.

उलटा प्रवासही होता. युरोपीय व्यापारी मूलनिवासींना कातड्यांच्या बदल्यात पितळेची पातेली विकत. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात त्या पातेल्यांचे कापलेले तुकडे सापडतात. लोकांनी त्यांची बाणांची टोकं केली, दागिने केले. पितळ खरंच मरत नव्हतं.

आणि मेपल? बेथलेहेमपासून थोड्या अंतरावर नाझरेथ गाव आहे आणि त्याच्याजवळ ख्रिश्चन्स स्प्रिंग. मोरावियन नावाच्या जर्मन भाषक प्रोटेस्टंट पंथाची ही वसाहत. हे लोक स्वतः शस्त्र उचलायला नकार देणारे. तरीही १७६०च्या दशकात आंद्रेआस आल्ब्रेख्त याने इथे बंदुकांचा कारखाना उभा केला. १७६६पासून तो ख्रिस्तियान ओर्टर चालवू लागला, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. त्याची १७७५ साली सही केलेली एक रायफल १९७१मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली होती. ती जवळजवळ अर्ध्या शतकाने सापडली आणि आता फिलाडेल्फियात आहे.

ही सगळी जमीन लेनापी लोकांची होती. १७३७मध्ये विल्यम पेनच्या मुलांनी एक जुना करार पुढे केला: एक माणूस दीड दिवसात जितका चालेल तितकी जमीन आमची. लेनापींना वाटलं, माणूस चालतो तसा चालेल, दमला की बसेल, भूक लागली की जेवेल. पेन मंडळींनी आधी रान साफ करून वाट काढली आणि तीन चपळ माणसं भाड्याने घेतली. दोघं मधेच गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, साठ मैलांच्या पुढे गेला. मग शेवटच्या टोकापासून नदीपर्यंतची रेषाही सगळ्यात सोयीची आखली. इतिहासात याला 'वॉकिंग पर्चेस' म्हणतात. नाझरेथ त्याच जमिनीत येतं. मार्शलची म्हणून जपलेली एक सुंदर रायफल आजही आहे, आणि काही अभ्यासक तिचा संबंध ख्रिश्चन्स स्प्रिंगच्या कारागिरांशी जोडतात.

मोरावियन लोकांना खलनायक ठरवणं सोपं नाही. १७४७मध्ये शामोकिन इथे मूलनिवासींच्या बंदुका दुरुस्त करायला लोहारखाना काढला तो त्यांनीच. १७६३च्या डिसेंबरात पॅक्सटन गावच्या गोऱ्या टोळक्याने कोनेस्टोगा जमातीच्या वीस निःशस्त्र माणसांना मारलं. त्यातली चौदा लँकेस्टरमध्ये मारली गेली, सरकारी आसऱ्याखाली असताना. लँकेस्टर तेव्हा बंदूक बनवणाऱ्यांचं नावाजलेलं गाव होतं. त्याच हिवाळ्यात मोरावियन वस्त्यांतल्या ख्रिस्ती लेनापींना जीव वाचवायला फिलाडेल्फियाला हलवावं लागलं. तिथे अनेक जण देवीच्या साथीत गेले. म्हणजे ज्या काळात ख्रिश्चन्स स्प्रिंगचा कारखाना जम बसवत होता, त्याच काळात त्याच पंथाचे लेनापी अनुयायी घर सोडून पळत होते. आज लेनापींचे वंशज ओक्लाहोमात आहेत, विस्कॉन्सिनमध्ये आहेत आणि कॅनडात. कॅनडातल्या त्यांच्या एका वस्तीचं नाव मोरावियनटाउन आहे.

हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही. या शतकाच्या सुरुवातीला डेलावेअर नेशनने त्या जमिनीतल्या ३१४ एकरांसाठी दावा लावला. त्या तुकड्यावर आता क्रेयोला रंगखडूंचा कारखाना आहे. तुमच्या-माझ्या कंपासपेटीत असतील तेच रंग. २००६मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला. निकालाचा सारांश असा, की फसवणूक झाली असं धरलं तरी हक्क संपला तो संपलाच.

आतली बाजू

शेवटच्या शनिवारी मी आजोबांना विचारलं, हे मेपल कुठलं? म्हणाले, "माझ्या आजोबांच्या शेतावरचं." मी विचारलं, त्याआधी? ते काजळीची पुसणी करत होते. थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "लेनापींचं. इथे सगळ्यांना माहीत असतं. कुणी विचारत नाही, एवढंच." मग त्यांनी फळीच्या टोकाला मेण लावायला घेतलं. मीही पुढे काही बोललो नाही. त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या कानशीने काम शिकून त्यांना न्यायालयात उभं करण्याचा अधिकार माझा नव्हता. पण विचारलं याचा पश्चात्तापही नाही.

बटप्लेट पक्की बसवण्याआधी बाबांना फोनवर दाखवली. बाहेरून ती सोन्यासारखी दिसत होती. बाबा म्हणाले, "आतली बाजू दाखव." मी उलटी केली. आत वाळूच्या साच्याचे खड्डे तसेच होते, कानशीचे दोन-चार आडवे घाव आणि काजळी. मला जरा लाज वाटली. विचारलं, घासू का?

"नको," बाबा म्हणाले. "तिथे लाकूड बसणार आहे. कोण बघतंय?"

पुढे वाचताना कळलं, की बघणारे असतात. जुन्या कारागिरांनीही आतली बाजू अशीच सोडलेली आहे. आजचे अभ्यासक जुन्या रायफलीचं पितळ अलगद काढतात आणि आत बघतात: ते ओतलं कसं, कानस कुठली, हात कुणाचा. बाहेरच्या चकाकीतून ते कळत नाही.

आमच्या हंड्याचं काय झालं असेल ते कधीच कळणार नाही. कुठल्यातरी नळाची तोटी झाला असेल, कुठल्यातरी दाराची कडी. आजीचं म्हणणं मात्र आता पटतं. पितळ मरत नाही हे खरं, आणि झाडाचं लाकूड दोनशे वर्षं टिकतं हेही खरं. नाव तेवढं आपोआप टिकत नाही. ते कुणीतरी विचारावं लागतं.